शेपूट झाकू नका!

माणसाने कशावरून भांडावं याचे आपल्याकडे काही संकेत आहेत. गावात असेल तर बांधावरून भांडावं, चाळीत असेल तर नळावरून भांडावं आणि साहित्यिक असेल तर संमेलनाच्या अध्यक्षपदावरून. मी मात्र गेल्या नोव्हेंबरपासून शेपटीवरून भांडतो आहे. शेपूट माझं नव्हे. माझं जे काही आहे ते साहेबांपुढे हलवण्यापुरतं आहे आणि ते सगळ्यांना दिसतंच. मी म्हणतो ते कॉम्प्युटरमधल्या फाइलीचं शेपूट. फाइलीच्या नावापुढे एक टिंब असतं आणि टिंबापुढे तीन-चार अक्षरं लोंबत असतात. पीडीएफ, डॉक, जेपीजी वगैरे. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. पण बँकेत एक्स्टेन्शन म्हटलं की एक तर टेलिफोनचं आठवतं, नाही तर निवृत्तीला आलेल्या माणसाला हवं असतं ते. म्हणून आपलं शेपूट बरं.

हे शेपूट झाकून ठेवायची जी रीत पडली आहे तिच्याविरुद्ध माझी फिर्याद आहे. घरी मी ती मांडून पाहिली. सौ. म्हणाली, "अहो, आमटी निवतेय." तेव्हा म्हटलं, आता छापूनच टाकू.

त्याचं झालं असं. नोव्हेंबर म्हणजे बँकेत पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत, हे त्यांनी वर्षातून एकदा सही-अंगठ्यानिशी कळवायचं असतं. याला हयातीचा दाखला म्हणतात. नुसतं समोर येऊन खोकल्याने चालत नाही, फॉर्म भरावा लागतो. २०१४पासून यंत्रावर बोट टेकवून हयात ठरायचीही सोय झाली आहे. पण आयुष्यभर खडू धरून, भांडी घासून, कागद उलटून आमच्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या बोटांच्या रेघा इतक्या पुसट झाल्या आहेत की यंत्र त्यांना ओळख देत नाही. असे सगळे आमच्याकडे येतात. त्यांचे कागदी दाखले आम्ही स्कॅन करतो, प्रत्येक फाइलीला पी.पी.ओ. नंबराचं नाव देतो आणि पेन्शनच्या मध्यवर्ती केंद्राच्या पोर्टलवर चढवतो. तीस नोव्हेंबरपर्यंत दाखला चढला नाही, तर त्या माणसाची पुढची पेन्शन थांबते.

यंदा असे १,१४६ दाखले जमले. आमचा स्कॅनर फाइलींना 'जेपीईजी' हे शेपूट लावून देतो. पोर्टल घेतं 'जेपीजी'.

आता जेपीईजी आणि जेपीजी यांत फरक काय, असं तुम्ही विचाराल. फरक 'ई'चा. दुसरा काहीही नाही. चित्र साठवायची ही रीत ज्या तज्ज्ञमंडळींनी ठरवली त्यांच्या समितीच्या नावाची ही आद्याक्षरं. १९९२ साली ती प्रमाण म्हणून मान्य झाली. पण त्या काळी घरोघर जे डॉस होतं, त्यात नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन एवढीच जागा होती. ही आठ-तीनची चाळ डॉसने १९८१ साली जन्माला येताना त्याच्या आधीच्या सीपी/एमकडून जशीच्या तशी भाड्याने घेतली होती. तीन खणांत चार अक्षरं मावेनात, म्हणून 'ई'ला बाहेर झोपवलं. पुढे जागा मोठी झाली, पण ई कधी घरात झोपतो, कधी बाहेर. मूळ माणूस तोच. 'देशपांडे'ने पाटीवर 'देशपांडये' लिहिलं म्हणून पोस्टमन पत्र परत नेत नाही. पोर्टल नेतं.

मी केंद्राला फोन लावला.

"सर, पोर्टल जेपीजीच घेतं."

"अहो, पण जेपीईजी म्हणजे तेच हो!"

"असेल सर. पण पोर्टल घेत नाही."

यावर मला रागावता येईना. पंचवीस वर्षं काउंटरच्या आतून मी लोकांना याच आवाजात हेच सांगत आलो आहे.

साहेब म्हणाले, "नावंच बदलायची ना? बदला की! तिघं बसा." म्हणून क्लिअरिंगच्या बाई, नवीन लागलेला मुलगा आणि मी असे तिघं बसलो. फाइलीवर जायचं, एफ-टू दाबायचं, नावाच्या शेवटी जायचं, 'डॉट जेपीजी' लिहायचं, एंटर. पुढची फाइल. तीनशेव्या फाइलीनंतर बाईंना स्वप्नात टिंबं दिसायला लागली. दोन दिवस काउंटरवर रांग वाढत होती आणि आम्ही आत टिंबं देत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं. साहेबांनी चहा मागवला. नवीन मुलाने पोर्टल उघडलं आणि सगळ्या फाइली एकदम चढवल्या.

पोर्टलने सगळ्या एकदम परत केल्या. 'इनव्हॅलिड फाइल टाइप.'

"अहो, ढळढळीत जेपीजी दिसतंय!" बाई म्हणाल्या. दिसत होतं. मी चष्मा पुसून पाहिला तरी दिसत होतं. मुलगा म्हणाला, सर्व्हर डाउन असेल. (या पिढीला एवढं एकच निदान येतं. आमच्या वेळी वारा पडल्यामुळे पोट बिघडायचं, तसं.) शेवटी मी एका फाइलीचे प्रॉपर्टीज उघडले. आत लिहिलं होतं : जेपीईजी.

मग व्ह्यू मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' नावाच्या चौकोनात टिचकी मारली, आणि पडदा वर गेला. प्रत्येक फाइलीला दोन-दोन शेपट्या! नंबर, डॉट जेपीजी, डॉट जेपीईजी. खरं शेपूट पहिल्यापासून तिथेच होतं, फक्त पडद्याआड. आम्ही नावाच्या शेवटी जे लिहीत होतो ते शेवटी नव्हतंच, मधे होतं. तीन माणसांनी दोन दिवस राबून १,१४६ म्हाताऱ्यांना एकेक जास्तीची शेपटी चिकटवली होती.

आता माझी फिर्याद. १९९५ सालच्या विंडोज पंचाण्णवपासून ही रीत आहे : ओळखीच्या प्रकारची फाइल असली की तिचं शेपूट मुळात झाकलेलं. हवं तर उघडा. पण ते झाकलेलं आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो उघडणार कसा? वकील मंडळी सांगतात, "सामान्य माणसाला त्यातलं कळत नाही. शेपूट दिसलं की तो ते चुकून बदलेल आणि मग फाइल उघडणार नाही." वा! चेकच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघाही पुष्कळांना कळत नाहीत. म्हणून आम्ही त्यांवर कागद चिकटवून चेक हातात देतो का? औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर रोग्याला वाचता येत नाही, म्हणून केमिस्ट लेबल खरवडतो का? न कळणारी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असली की माणसाला हळूहळू कळते. बायकोच्या माहेरची नाती मला अशीच कळली.

आणि गंमत बघा. शेपूट उघडं असताना तुम्ही ते बदलायला गेलात, तर यंत्र विचारतं की फाइल निकामी होऊ शकेल, नक्की बदलायचं ना? म्हणजे डोळसपणे करणाऱ्याला टोकतं. झाकलेल्या शेपटीपुढे आम्ही १,१४६ वेळा चूक केली तेव्हा त्याने एकदाही 'अं?' केलं नाही.

ही काही आमच्या शाखेपुरती कुरकुर नाही. मे २००० मध्ये जगभर एक प्रेमपत्र फिरलं होतं, फिलिपाइन्सहून निघालेलं. फाइलीचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी'. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्याने काय होणार, म्हणून भल्याभल्या कचेऱ्यांतल्या भल्याभल्या लोकांनी ते उघडलं. त्या टीएक्सटीच्या मागे 'व्हीबीएस' हे खरं शेपूट होतं, म्हणजे ती चालणारी आज्ञावली होती. पण ते पडद्याआड. आमच्या बाईंनी नकळत केलं तेच त्या लबाडाने कळून केलं होतं. त्या विषाणूने लोकांची छायाचित्रंही खाल्ली, जेपीजी आणि जेपीईजी दोन्ही. आमच्या पोर्टलला जी समदृष्टी साधली नाही, ती त्याला साधली होती. शेपूट उघडं असतं तर कोणी फसलंच नसतं असं मी म्हणत नाही, प्रेमपत्र म्हटल्यावर माणूस काहीही उघडतो. पण निदान आपण काय उघडतोय ते दिसलं असतं.

असो. अठ्ठावीस तारीख उजाडली. हाताने पुन्हा सुरुवात करायची बाईंची तयारी नव्हती आणि मला तेव्हा एकदम माझा कॉम्प्युटर क्लास आठवला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी वडिलांनी फी भरून मला त्यात घातलं होतं. चपला बाहेर काढून आत जायचं, एसीत कुडकुडायचं आणि काळ्या पडद्यावर डॉसच्या आज्ञा घोकायच्या. तिथे 'रेन' नावाची एक आज्ञा होती. रेन, मग जागा सोडून स्टार डॉट जेपीईजी, पुन्हा जागा सोडून स्टार डॉट जेपीजी. स्टार म्हणजे 'जे काही असेल ते'. जे काही असेल ते नाव राहू दे, शेपूट तेवढं बदल. एका ओळीत सगळ्यांचं.

बँकेच्या मशीनवर ती काळी खिडकी बंद करून ठेवलेली असते. तीही आम्हाला कळत नाही म्हणूनच. पण स्कॅनरचं मशीन जुनं. तिथे बंद करायचं राहून गेलं होतं. सरकारी राजपत्रात एका माणसाचं एक नाव बदलायला अर्ज, फोटो, फी आणि धीर लागतो. इथे मी ओळ टाइप केली, एंटर मारलं, आणि कर्सर खालच्या ओळीवर जाऊन उघडझाप करू लागला. बस्स. ना घंटी, ना हिरवी पट्टी, ना 'अभिनंदन'. सगळ्यांची टोकाची शेपूट जेपीजी. मधली शेपटी होती तिथेच राहिली, जेपीजी-जेपीजी असं माहेर-सासर एकच असल्यासारखं. पण पोर्टल टोकाचं बघतं. १,१४६ दाखले दुपारच्या चहाआधी चढले.

साहेबांना आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटतं? त्यांनी बराच वेळ कर्सरकडे बघितलं. मग म्हणाले, "दोन सेकंदांत होण्यासारखं होतं, तर दोन दिवस तुम्ही तिघं काय करत होतात?"

ही माझी दुसरी फिर्याद. आपल्या कचेऱ्यांत कष्ट दिसले पाहिजेत. एफ-टू, एंटर, एफ-टू, एंटर करत माणूस घामाघूम झाला की काम चाललेलं असतं. एका ओळीत संपवलं तर काहीतरी लबाडी आहे. उंदीर धरून हजार वेळा टिचक्या मारणाऱ्याला हाताखालचा माणूस समजतात आणि एक ओळ लिहिणाऱ्याला वात्रट समजतात. अहो, खतावणीची बेरीज एका दमात करणाऱ्या जुन्या हेडक्लार्कांना तुम्ही कौतुकाने बघायचात ना? हीही बेरीजच आहे.

आता माझ्या विरोधकांच्या बाजूचा एक साक्षीदार मी स्वतःच हजर करतो. तो मीच.

एकोणतीसला उशिरा आलेले आणखी ८३ दाखले निघाले. तोवर माझी ख्याती कॅशिअरपर्यंत पोचली होती. बघायला चौघं उभे. चौघं बघत असले की माणूस नको ते करतो. मी झोकात टाइप केलं : स्टार डॉट स्टार. म्हणजे कोणतंही नाव, कोणतंही शेपूट, सगळ्यांचं जेपीजी करा. एंटर. आणि लक्षात आलं की त्याच फोल्डरमध्ये साहेबांच्या तीन फाइली होत्या : एक पीडीएफमधलं परिपत्रक, एक वर्डमधलं पत्र आणि एक एक्सेलमधली यादी, कोणत्या पी.पी.ओ. नंबराचं कोणतं खातं याची. नावं होती 'अर्जंट', 'अर्जंट-१' आणि 'न्यू अर्जंट'. आता तिन्ही छायाचित्रं! उघडायला गेलं की चित्र काही दिसेना. काळ्या खिडकीत कंट्रोल-झेडने काहीही परत येत नाही. कॅशिअर हळूच आपल्या पिंजऱ्यात गेले.

तेव्हा एक गोष्ट कळली. शेपूट बदललं तरी जिन्नस बदलत नाही. माझ्या आत्याचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात कुसुमची मालती झालं, पण तिचं भांडण कुसुमचंच राहिलं. फाइलीच्या पोटात पहिल्या काही अक्षरांत तिची खरी ओळख लिहिलेली असते. मी तिन्ही फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या. एकीच्या आरंभी टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ'. ते परिपत्रक. उरलेल्या दोन्हींच्या आरंभी 'पीके'. का, तर आजच्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइली आतून झिपची गाठोडी असतात, आणि झिपची पद्धत १९८९ साली ज्या फिल कात्झ यांनी आणली त्यांची ती आद्याक्षरं. गृहस्थ २००० साली वारले. पण जगातल्या असंख्य फाइलींच्या पोटात ते अजून हयात आहेत, दाखला न देता. दोन्हींना आधी एक्सेलचं शेपूट लावून पाहिलं. जी उघडली ती यादी, नाही उघडली ते पत्र. माझा जीव भांड्यात पडला.

म्हणूनच काही हुशार लोक जे करतात, की एक्सेलची यादी पोर्टल घेत नाही म्हणून तिचं शेपूट कापून 'सीएसव्ही' लावतात, त्याने काही होत नाही. यादी पोटातून गाठोडंच राहते. ती एक्सेलमध्ये उघडून नव्या प्रकारात जतन करावी लागते. जेपीईजीचं जेपीजी करणं म्हणजे पाटी बदलणं. एक्सेलचं सीएसव्ही करणं म्हणजे बिऱ्हाड बदलणं. पण हा भेद कळायला आधी पाटी दिसायला नको? शेपूट निव्वळ शोभेचंही नसतं. जुन्या 'एक्सएलएस' शेपटीच्या फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, नव्या 'एक्सएलएसएक्स'मध्ये १०,४८,५७६. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने कोविडच्या नोंदी जुन्या भांड्यात ओतल्या, आणि सप्टेंबरअखेरच्या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण काठावरून सांडले. एका एक्सची किंमत!

तर चुका माझ्याही हातून झाल्या, कबूल. पण त्यावर उपाय खिडकी बंद करणं हा नव्हे. बँकेत हजार रुपयांच्या नोंदीलाही एक मेकर लागतो, एक चेकर लागतो. मी नोंद करतो, दुसरा बघतो, मग ती पक्की होते. इतकी वर्षं झाली, पण रेनला अजून चेकर नाही. आता मी स्वतःच दोन भूमिका करतो : आधी तीच स्टारची ओळ 'डिर' या आज्ञेपुढे लिहितो. डिर नुसती यादी दाखवते, हात लावत नाही. यादी पाहून, बाईंना दाखवून, मग रेन. आमचे चिरंजीव इंजिनियरिंगला आहेत आणि लिनक्स वापरतात. ते म्हणाले, "बाबा, आमच्याकडे 'रेनेम'ला वजा-एन लावलं की ती फक्त काय करणार आहे तेवढं सांगते, करत नाही." म्हणजे तिथे चेकर आहे! मला हेवा वाटला. पण तिथेही मूव्हची 'एमव्ही' आज्ञा घेऊन आमच्यासारखं स्टार ते स्टार करायला गेलं तर ती ऐकत नाही म्हणे; स्टारचा उलगडा तिच्या हाती पडायच्या आधीच झालेला असतो. प्रत्येक घराचा कुळाचार वेगळा.

माझी मागणी मोठी नाही. शेपटीवरचा पडदा मुळातून काढा. ज्याला लाज वाटेल तो झाकून घेईल. कारकुनाला काळी खिडकी द्या, तिच्या दाराशी चेकर बसवा. 'युजरला काय कळतं' असं म्हणणाऱ्यांनी एकदा तीस नोव्हेंबरला दुपारी चार वाजता आमच्या काउंटरवर येऊन उभं राहावं.

त्या दिवशी चारलाच एक आजोबा आले. वय ब्याऐंशी, काठी, मफलर, हातात पिशवी. दाखला त्यांनी पाच तारखेलाच दिला होता. तरी आले. "माझं काम झालं ना हो? नाही म्हणजे, गेल्या वर्षी दोन महिने थांबली होती. औषधं उधारीवर आणली."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या नंबराची फाइल काढून दाखवली, शेपटीसकट. "हे बघा आजोबा. चढलाय. जेपीजी."

त्यांनी वाकून ती तीन अक्षरं नीट वाचली. मग पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे सरकवलं.

"तेवढं यावर लिहून द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी विचारलं तर दाखवीन."